पाठवणाऱ्याकडे परत

१० सप्टेंबर २००७

प्रुडेन्स वेंडेल यांना,

तुम्ही मला ओळखत नाही. मी ओडील थेरिओ, कोलेट थेरिओची मोठी बहीण. नाव वाचून खुर्चीत सावरून बसला असाल तर बसूनच वाचा, पत्र जरा लांब आहे.

कोलेट तीन वर्षांपूर्वी गेली. पोटाचा कॅन्सर. ऑगस्टात कळलं आणि बर्फ पडायच्या आत सगळं संपलं. तिची मुलगी सिमोन माझ्याकडे असते. बाप ट्रक घेऊन गेला तो गेलाच. मी इथल्या पोस्टात खिडकीवर बसते, सत्तावीस वर्षं झाली. तुमचा पत्ता मला तिथूनच पाठ आहे. थॉर्नबरी कॉलेजचं मासिक दर तीन महिन्यांनी कोलेटच्या नावाने यायचं आणि वेष्टनावर तुमचं नाव छापलेलं असायचं, '१९८२च्या बॅचची चिटणीस'. कोलेट ते न फोडता खिडकीतून माझ्याकडे सरकवायची आणि मी 'पाठवणाऱ्याकडे परत' असा शिक्का मारायची. बावीस वर्षं हा खेळ चालला. विचारलं की म्हणायची, "तू शिक्का मार गं." ती गेल्यावर शेवटचा अंक मीच 'मयत' असा शेरा मारून धाडला.

आता ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. सिमोनला थॉर्नबरीत यायचंय. आई शेवटच्या वर्षी अर्धवट सोडून आली ते मला पुरं करायचंय, म्हणते. पोरगी हुशार आहे, पण आमच्या गावातल्या हुशारीला तिकडे कोण विचारतो? शाळेतले बॅबिन सर म्हणाले, एक नोव्हेंबरच्या आत अर्ज करायचा, लवकरच्या फेरीत. घेतलंत तर येईनच, बाकी सगळीकडचे अर्ज मागे घेईन, असं लिहून द्यायचं. त्या फेरीत ज्यांची आई नाहीतर बाप तिथे शिकलाय त्यांच्यातल्या तिघांत एकाला जागा मिळते. बाकीच्यांत दहांत एकाला.

मी कॉलेजला फोन केला. पलीकडची मुलगी म्हणाली, "या नावाचं आमच्या यादीत कुणी नाही." माझी बहीण साडेतीन वर्षं तिथे राहिली आणि यादीत नाही? तुम्ही तिची खोलीतली सोबतीण. पहिल्या वर्षीच्या तिच्या प्रत्येक पत्रात प्रुडेन्स असं म्हणाली, प्रुडेन्स तसं म्हणाली, एवढंच असायचं. मग एक दिवस ती एक सुटकेस घेऊन घरी आली आणि त्यानंतर तुमचं नाव तिने कधी काढलं नाही. काय झालं होतं? आणि आता काही वाट आहे का?

ओडील थेरिओ


१९ सप्टेंबर २००७

प्रिय ओडील,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. दर एप्रिलमध्ये मला कोलेटची आठवण होते. ती मोठ्याने हसायची आणि मग हाताने तोंड झाकायची. तिला मुलगी आहे हे मला माहीत नव्हतं.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. शेवटच्या वर्षी तिची प्रकृती बरी नव्हती. फार दमली होती, घरची ओढ लागली होती. परीक्षेला सहा आठवडे राहिले असताना ती निघून गेली. आमच्याकडे एक सत्र जरी शिकलं तरी माणूस मरेपर्यंत त्या बॅचचा असतो. नाव काढायचं तर स्वतः लेखी द्यावं लागतं. कोलेटने त्याच उन्हाळ्यात तसं लिहून दिलं. मनाच्या त्या अवस्थेत माणूस काहीही लिहितं.

वाट आहे, पण एकच. जिवंत माणसाने पुन्हा सही केली की नाव परत येतं. गेलेल्या माणसाचं नाव मासिकातल्या 'स्मृतिशेष' या सदरातून येतं. जवळच्या नातलगाची सही लागते आणि बॅचच्या चिटणिसाच्या चार ओळी. तिथे छापून आलं की नोंद माजी विद्यार्थ्यांच्या वहीत जाते, आणि वहीतली आई प्रवेशाच्या अर्जावर आई म्हणून धरली जाते. पुढच्या अंकाची मुदत पाच ऑक्टोबर आहे. चार ओळी मी लिहीन. सहीचा कागद सोबत जोडलाय.

अर्ज मात्र लवकरच्या फेरीतच करायला सांगा. आईवडिलांच्या नावाचं वजन तिथेच पडतं. घरचं माणूस असेल तर वचन द्यायला कशाला कचरेल, असा कॉलेजचा हिशोब आहे. मार्चच्या फेरीत ते नाव कुणी बघतही नाही. माझे वडील, माझे आजोबा, मी, आम्ही सगळे असेच गेलो.

तुमची,
प्रुडेन्स


३० सप्टेंबर २००७

प्रुडेन्सबाई,

सही केलेला कागद सोबत आहे. करताना तीन वेळा पेन खाली ठेवलं.

सध्या बटाट्याच्या काढणीची सुट्टी आहे. इथे शाळा तीन आठवडे बंद असते आणि पोरं शेतावर जातात. सिमोन पहाटे पाचला काढणीच्या यंत्रावर चढते. पट्ट्यावरून बटाटे येतात, त्यातले दगड, ढेकळं, वेल वेचून फेकायचे. संध्याकाळी घरी येते तेव्हा दोन डोळे तेवढे दिसतात, बाकी माती. तशीच जेवणाच्या टेबलाशी बसून कॉलेजसाठीचा निबंध लिहिते. काल कागदावर मातीचं बोट उमटलं तर पान फाडून परत लिहायला बसली. मी म्हटलं, "राहू दे की, मेहनतीची सही आहे ती." म्हणाली, "मावशी, तिथे कुणाला असली सही नकोय."

एक गोष्ट घशात अडकलीय. तुम्ही म्हणता कोलेट आजारी होती. घरी आली त्या रात्री ती कुट्टूच्या पिठाचे आठ प्लॉय, आमच्याकडची धिरडी, खाऊन झोपली आणि दुसऱ्या दिवसापासून शेतावर जायला लागली. दमलेलं माणूस मी बघितलंय, ती दमलेली नव्हती. तिचं तोंड बंद झालं होतं. पण तुम्ही तिथे होतात, मी नव्हते. मनाचं दुखणं बाहेरून दिसत नाही म्हणतात.

तिने स्वतःच्या हाताने काढलेलं नाव मी माझ्या सहीने परत घालतेय. ती असती तर मला हे करू दिलं असतं का? नसतं दिलं. हे मला माहीत आहे आणि तरी सही केलीय. या गावात पोरीला माझ्यासारखी एक खिडकी मिळेल आणि त्या खिडकीतून ती आयुष्यभर लोकांची पत्रं देत बसेल. मला ते बघवणार नाही. मेलेलीला दुखत नाही, जिवंत पोरीला दुखतं.

सिमोनला यातलं काही सांगितलेलं नाही. आईचं नाव यादीत आहेच, असं तिला वाटतं.

एवढी विनंती आहे, चार ओळी साध्या लिहा. जन्म, मृत्यू, मागे कोण. कॉलेजवर तिचं प्रेम होतं वगैरे लिहू नका.

ओडील


२९ ऑक्टोबर २००७

प्रिय ओडील,

अंक सोबत पाठवलाय, पान त्र्याऐंशी. नोंद वहीत गेल्याचं मी स्वतः कार्यालयात जाऊन बघून आले. 'थेरिओ, कोलेट' असं लिहिलेलं पाहिलं आणि तिथल्या बाकावर बसून रडले.

ओळींबद्दल माफ करा. संपादकांना सदरात थोडी माया लागते. 'थॉर्नबरी हे तिचं दुसरं घर होतं आणि अखेरपर्यंत राहिलं,' हे वाक्य माझं आहे.

सिमोनसाठी मी शिफारसपत्रही दिलंय. आमच्या घराण्याचं नाव ग्रंथालयाच्या दारावर आहे, त्यामुळे माझं पत्र निदान वाचलं तरी जातं. आता निकालासाठी पंधरा डिसेंबरची वाट बघायची.

एक विचारू का? कोलेट माझ्याबद्दल कधी काही म्हणाली होती? तिने थॉर्नबरीतलं काही जपून ठेवलं होतं का, कागद, वह्या? सहज विचारते.

प्रुडेन्स


१७ डिसेंबर २००७

प्रुडेन्सबाई,

झालं. शनिवारी पाकीट आलं. मी टपालाचं पोतं उघडलं आणि हातात घेतल्याबरोबर कळलं, कारण नकाराचं पाकीट एका कागदाचं असतं आणि हे जाड होतं. नियमाप्रमाणे ज्याचं त्याने घ्यायचं, म्हणून ते फोडता येईना. सिमोन दुपारी आली तोवर चार तास मी ते खिडकीच्या खणात ठेवून लोकांना तिकिटं विकत होते. एकाला सुटे पैसे दोनदा दिले.

तिने उभ्या उभ्या फोडलं. मग खिडकीच्या लाकडावर डोकं टेकवून रडली आणि रांगेतल्या म्हाताऱ्या द्युबेने टोपी काढली, त्याला वाटलं कुणी गेलं. रविवारी तिने सरकारी विद्यापीठाला कळवून टाकलं की मी येत नाही. त्यांनी तिला फुकटात घेतलं असतं. पण वचन म्हणजे वचन. आता मागे दार नाही.

तुमचे उपकार आहेत, ते मी नाकारत नाही. पण ते वाक्य. दुसरं घर! मी साधं लिहा म्हटलं होतं. बावीस वर्षं जिने तुमचं मासिक फोडलं नाही तिचं ते दुसरं घर? जाऊ दे, आजच्या दिवशी भांडत नाही.

तुम्ही विचारलंत ते. नाही, तुमच्याबद्दल ती बरंवाईट काहीच बोलली नाही. तिच्या पेटीत तिकडचं एक निळं पाकीट आहे, त्यात टाइप केलेला निबंध आहे, मिठावरच्या कराबद्दल. कोण कशाला वाचतंय. वसंतात सिमोनला देईन म्हणते, आईची आठवण म्हणून तिकडे टेबलावर ठेवेल.

सोबत कुट्टूचं पीठ पाठवतेय. तव्यावर घालायचं आणि उलटायचं नाही, एवढं लक्षात ठेवा.

ओडील


२८ डिसेंबर २००७

प्रिय ओडील,

किती आनंद झाला म्हणून सांगू! पीठ पोचलं, मनापासून आभार.

ते निळं पाकीट मला पाठवाल का? आमच्या बॅचच्या जुन्या कागदांचा एक संग्रह कॉलेजच्या ग्रंथालयात होतोय, त्यात कोलेटचं काही असावं असं फार वाटतं. सिमोनला आत्ताच देऊ नका, पोरीचं मन नाहक आईच्या दुखण्याकडे जाईल. विमा उतरवून पाठवा, खर्च माझा.

प्रुडेन्स


९ जानेवारी २००८

प्रुडेन्स,

पाकीट पाठवणार होते. खोटं नाही, खोका काढला, दोरी काढली. विमा उतरवायचा तर आत काय आहे ते फॉर्मवर लिहावं लागतं, म्हणून पाकीट उघडलं. तू मागितलं नसतंस तर मी ते जन्मात उघडलं नसतं. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

निबंधाच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहिलंय, 'कोलेट, किती सुरेख झालाय हा. सोमवारपर्यंत माझ्याकडे राहू दे ना. मला तर पहिलं वाक्यही सुचत नाहीये.' खाली सही नाही. मला सही लागत नाही. सत्तावीस वर्षं मी लोकांची अक्षरं वाचतेय, पाकिटावर नाव नसलं तरी कुणी पाठवलंय ते सांगते. तुझी ओळ शेवटी वर चढते आणि अक्षरांच्या शेपट्या खालच्या ओळीत घुसतात. सप्टेंबरपासून तुझी तीन पत्रं आली, तिन्ही शेजारी ठेवून बघितली.

त्याच पाकिटात तुमच्या सचोटी मंडळाचा कागद आहे, १४ एप्रिल १९८२चा. दोन विद्यार्थिनींचे निबंध शब्द न शब्द सारखे निघाले, चौकशीअंती कुमारी थेरिओ दोषी, तिने कॉलेज सोडावं. दुसऱ्या विद्यार्थिनीचं नाव नाही. ते मला तुझ्याकडून ऐकायचंय.

ती आजारी होती म्हणालीस ना? लाज नाही वाटली? माझ्या बहिणीच्या मृत्यूच्या बातमीत तू तुझं वाक्य घातलंस आणि खाली सही माझी घेतलीस.

ओडील


२१ जानेवारी २००८

ओडील,

दुसरी मी.

निबंध तिचा होता. तिने मला वाचायला दिला आणि मी तो तसाच माझ्या नावाने दिला. वाटलं, वेगळे प्राध्यापक आहेत, कुणाला कळणार नाही. कळलं. सचोटी मंडळात विद्यार्थीच असतात, नऊ जण, लांब टेबलाशी. त्यांनी मला विचारलं, निबंध कुणाचा? मी म्हटलं, माझा. कोलेटला विचारलं तर ती म्हणाली, "प्रुडेन्सला विचारा." पुन्हा विचारलं तरी तेच. दोन दिवस ती माझ्याकडे बघत राहिली आणि दुसरं काही बोलली नाही. तिला वाटत होतं मी बोलेन.

मला त्यांनी दुसऱ्यांदा काही विचारलंच नाही. अध्यक्ष होता तो मुलगा नंतर मला म्हणाला, ज्या घरातले तीन पिढ्या इथे शिकले त्यातली मुलगी कशाला चोरेल? बटाट्याच्या गावाहून आलेल्या मुलीला मात्र गरज असू शकते, असं त्यांना वाटलं. मी ते वाटू दिलं. पुढे मला त्या निबंधाला पारितोषिक मिळालं.

कॉलेज तिला मासिक पाठवत नव्हतं, ओडील. तिचं नाव यादीत नव्हतंच. मी माझी स्वतःची प्रत वेष्टनात घालून पाठवायचे. दर तीन महिन्यांनी वाटायचं, या वेळी ती ठेवून घेईल आणि मी सुटेन. अठ्ठ्याऐंशी अंक परत आले. सगळे माझ्याकडे ट्रंकेत आहेत, सगळ्यांवर तुमचा शिक्का आहे. ज्यावर 'मयत' लिहिलंय तो सगळ्यात वर आहे.

आता मला हे संपवायचंय. मी कॉलेजला सगळं लेखी देते, मेच्या अंकात बॅचच्या सदरात छापते, चिटणीसपद सोडते. पारितोषिक परत करते. कोलेटचं नाव स्वच्छ होईल. तुम्ही फक्त तो कागद आणि निबंध द्या.

प्रुडेन्स


२ फेब्रुवारी २००८

प्रुडेन्स,

तुझं पत्र वाचून चुलीत घातलं. हे पण वाचून तू तेच कर.

तू काही लिहायचं नाहीस. कॉलेजला नाही, मासिकात नाही, कुणालाच नाही.

तुला हलकं व्हायचंय, ते मला कळतं. पण कुणाच्या जिवावर? ते छापून आलं की तिकडे आल्यावर सिमोन कधी ना कधी वाचेलच. ती तिच्या आईची मुलगी आहे. सुटकेस उचलेल आणि एक शब्द न बोलता घरी येईल, आणि इथे सगळी दारं तिने स्वतःच्या सहीने बंद केली आहेत. शिवाय तुमच्या लोकांचा काय भरवसा? तुझी कबुली येईपर्यंत कुणीतरी एवढंच वाचेल की या मुलीच्या आईला चोरीवरून काढलं होतं, आणि तिचं नाव वहीत मागच्या दाराने घातलं. ते घालणारी मी आहे. तू म्हणालीस म्हणून का होईना, सही माझी आहे.

गेले तीन आठवडे मी रोज पाकीट बाहेर काढते आणि परत ठेवते. कोलेटने तोंड उघडलं नाही तेव्हा मला तिचा राग यायचा, काय झालं ते सांगत का नाही म्हणून. आता कळतंय, तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय. ज्या नावाच्या जोरावर तू तिला बाहेर काढलंस, तसल्याच नावाच्या जोरावर मी तिच्या पोरीला आत घातलीय. तुझ्यात आणि माझ्यात मी फार फरक शोधला. थोडा सापडला, पुरेसा नाही.

पाकीट माझ्याकडेच राहील. सिमोन तिकडे आली की तुला भेटेलच. तेव्हा गोड बोल. गप्प बसायचं आणि गोड बोलायचं, ते तुला जमतं.

यापुढे मला लिहू नकोस. आलेलं परत पाठवीन, शिक्का कुठे असतो तुला माहीत आहे.

ओडील


१४ सप्टेंबर २००८

प्रिय मावशी,

पोचले, खोली लागली, सामान लागलं. तू दिलेली रजई बघून माझी खोलीतली सोबतीण म्हणाली, कुठल्या दुकानातली? मी म्हटलं मावशीच्या दुकानातली. ती चांगली आहे, फक्त मोजे कुठेही टाकते.

पहिल्या दिवशी सगळे नवीन विद्यार्थी एका मोठ्या वहीत सही करतात. मी दुसऱ्याचं काम माझं म्हणणार नाही, आणि तसं कुणी केलेलं दिसलं तर गप्प बसणार नाही, असं वर लिहिलेलं असतं. १९७८ची वही काचेच्या कपाटात होती, प्रुडेन्स मावशींनी मुद्दाम किल्ली मागून ती उघडायला लावली आणि मला आईची सही दाखवली. मावशी, तिने नावाखाली रेघ मारलीय, अगदी जोरात, कागद दबलाय. मी बोट फिरवून बघितलं.

हो, प्रुडेन्स मावशी म्हणते मी त्यांना. मी बाई म्हणत होते तर त्यांनीच सांगितलं. तुला राग नाही ना येणार? फार चांगल्या आहेत. जरा रडक्या आहेत. ज्यांचे आईवडील इथे शिकले त्या मुलांचा ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर फोटो काढतात, मुलं पुढे आणि ज्याची त्याची आई नाहीतर बाप मागे, मुलाच्या खांद्यावर हात ठेवून. माझ्या मागे कुणी नव्हतं. फोटोवाला म्हणाला, तू कडेला उभी राहा. तेवढ्यात त्या आल्या आणि माझ्या मागे उभ्या राहिल्या. त्यांनीही माझ्या खांद्यावर हात ठेवला. फोटो सोबत पाठवतेय, स्वयंपाकघरात लाव.

इथे पहिला प्रश्न असतो, "तू कुणाची?" मी सांगते, कोलेट थेरिओची, ब्याऐंशीची बॅच. कुणी विचारत नाही तू कशी आलीस. कधी कधी मला स्वतःलाच वाटतं, मी निबंध सहा वेळा लिहिला त्याने आले की आईच्या नावाने? प्रुडेन्स मावशी म्हणाल्या, असा विचार करायचा नाही.

त्यांना विचारलं, आई का सोडून गेली? म्हणाल्या, आजारी होती. पण तू तर नेहमी सांगायचीस, ती आली त्या रात्री आठ प्लॉय खाल्ले आणि आयुष्यात कधी आजारी पडली नाही, शेवटचं सोडून. मग खरं काय?

आणि आईच्या पेटीत एक निळं पाकीट होतं ना? ते पाठव. तिचं इथलं काहीतरी माझ्या टेबलावर असावंसं वाटतं.

तुझी,
सिमोन


२६ सप्टेंबर २००८

प्रिय सिमोन,

पत्र मिळालं. इथे काढणी सुरू झालीय, या वर्षी यंत्रावर तुझ्या जागी द्युबेचा नातू आहे आणि तो निम्मे दगड तसेच जाऊ देतो असं ऐकते. थंडी लवकर पडेलसं दिसतंय, लोकरीचे मोजे वापर आणि त्यांच्यावर धाग्याने नाव घालून ठेव, म्हणजे तुझी सोबतीण आपले समजून घालणार नाही.

तू विचारलंस ते. प्रुडेन्सबाई म्हणतात ते खरं आहे. आई आजारीच होती तेव्हा. मनाचं दुखणं होतं. तू लहान होतीस म्हणून मी प्लॉयची गोष्ट करून सांगायचे. त्यांना आणखी काही विचारत बसू नकोस, त्यांना त्रास होतो.

निळं पाकीट शोधलं, सापडलं नाही. माळ्यावर उंदीर झालेत, त्यांनीच कुरतडलं असेल.

तू निबंधाने गेलीस. ते दुसरं डोक्यातून काढून टाक.

काल मासिक आलं. कोलेट थेरिओ यांचे कुटुंबीय, असा पत्ता छापलाय, या वेळी कॉलेजनेच पाठवलंय. सवयीने शिक्का हातात घेतला होता. मग खणात ठेवला आणि अंक घरी आणला. पान बारावर तुझा फोटो आहे. कापून फ्रिजवर लावलाय, पाठवलेला मोठा आहे तो भिंतीवर. तू छान दिसतेस.

तुझी,
ओडील मावशी